चुकीचा भरणा आणि व्याजाचा न्याय

जळगावच्या सराफ बाजारातील पेढी असो की धुळ्याच्या बाजार समितीतील अडत दुकान असो, हिशेबाच्या कागदाच्या तळाशी ‘चू. भू. द्या. घ्या.’ ही अक्षरे छापण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. चूकभूल द्यावी घ्यावी, असा त्यांचा विस्तार. यांतील दोन क्रियापदे लक्षात घेण्यासारखी आहेत. ग्राहकाकडून जास्त रक्कम घेतली गेली असेल तर पेढीने ती द्यावी, आणि कमी घेतली गेली असेल तर ग्राहकाकडून ती घ्यावी. चूक मान्य करण्याचे आणि ती निस्तरण्याचे बंधन दोन्ही बाजूंवर सारखेच आहे. मात्र चुकलेल्या रकमेवर मधल्या काळाचे व्याज कोणी कोणास द्यावे, याविषयी ही अक्षरे मौन पाळतात. पेढीवरील चूक आठ-पंधरा दिवसांत उघडकीस येते आणि ओळखीपाळखीत ती मिटूनही जाते. त्यामुळे तेथे या मौनाने फारसे बिघडत नाही.

शासन आणि करदाता यांच्या व्यवहारात मात्र असे मौन चालत नाही. येथे चूक ध्यानात येण्यास वर्षे लागतात, रकमा मोठ्या असतात आणि व्याजाचा आकडा कधीकधी मुद्दलाच्या शेजारी जाऊन बसतो. करदात्याने चुकून जास्त कर भरला तर शासनाने तो सव्याज परत करावा काय? उलटपक्षी, शासनाने चुकून जास्त परतावा दिला तर तो परत घेताना करदात्याकडून व्याज घेणे न्याय्य आहे काय? आणि पैसा शासनाकडे पोहोचला, पण चुकीच्या खात्यात पोहोचला, तर उशीर झाला असे म्हणावयाचे काय? हे तिन्ही प्रश्न वरवर एकसारखे दिसले तरी त्यांची उत्तरे एकच नाहीत.

मुद्दलाचा प्रश्न

व्याजाचा विचार करण्यापूर्वी मुद्दलाचा विचार आवश्यक आहे. कायद्याच्या आधारावाचून कोणताही कर बसविता येणार नाही व वसूलही करता येणार नाही, असे भारतीय संविधानाचा अनुच्छेद २६५ सांगतो. ‘वसूल करता येणार नाही’ हा त्यातील उत्तरार्ध आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. कारण जो कर देणे नव्हता तो चुकून भरला गेला, तर तो ठेवून घेण्यास शासनाकडे आधार उरत नाही. त्याहूनही जुना आधार १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाच्या कलम ७२ मध्ये सापडतो. चुकीने किंवा जबरदस्तीमुळे ज्याला पैसे दिले गेले, त्याने ते परत केले पाहिजेत, असे हे कलम म्हणते.

ही चूक केवळ आकड्याची असावी की कायद्याच्या समजुतीचीही चालेल, हा प्रश्न १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला. बनारसच्या एका पेढीने चांदीच्या वायदा व्यवहारांवर विक्रीकर भरला होता आणि पुढे असा कर बसविण्याचा अधिकारच विधिमंडळाला नसल्याचे ठरले. कायद्याविषयीची चूक हीदेखील कलम ७२ मधील चूकच होय आणि शासनाने रक्कम परत केली पाहिजे, असा निवाडा न्यायालयाने दिला.

खानदेशच्या वाचकास अधिक जवळचे वाटेल असे उदाहरण विदर्भातील धामणगावचे आहे. अमळनेर, धरणगाव, चोपडा याप्रमाणेच धामणगाव हेही कापसाचे गाव. तेथील भारत कला भांडार या कंपनीकडून नगरपालिका सरकी काढणे व गाठी बांधणे या व्यवसायावर कर घेत असे. व्यवसायावरील अशा करास संविधानाच्या अनुच्छेद २७६ ने त्या काळी वर्षाला २५० रुपयांची कमाल मर्यादा घातली होती (ती १९८८ मध्ये २,५०० रुपये झाली). नगरपालिकेने घेतलेला कर या मर्यादेच्या पुष्कळ वर गेला होता. जादा रक्कम परत मिळावी म्हणून कंपनीने दावा लावला. एकदा झालेली कर आकारणी दिवाणी न्यायालयात उकरून काढता येणार नाही, असा नगरपालिकेचा बचाव होता. १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तो अमान्य केला व मर्यादेवरील रक्कम परत करण्याची जबाबदारी नगरपालिकेवर टाकली. सभागृहात ठराव संमत झाला, नियमानुसार बिल निघाले, पावती फाटली, म्हणून जादा रक्कम ठेवून घेण्याचा हक्क स्थानिक संस्थेला प्राप्त होत नाही, हा बोध पंचायत सदस्यांनाही उपयोगी पडणारा आहे.

अर्थात या तत्त्वाला एक मर्यादा आहे. कर भरणाऱ्याने तो आधीच ग्राहकाकडून वसूल केलेला असेल, तर परतावा मिळून लाभ त्याचाच व्हावा हे योग्य नव्हे. १९९६ मध्ये मफतलाल इंडस्ट्रीजच्या प्रकरणात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने हा विचार मांडला. अप्रत्यक्ष कराचा परतावा मागणाऱ्यास म्हणूनच कराचा बोजा आपण स्वतः सोसला आहे, असे दाखवून द्यावे लागते.

व्याज कशाचे?

व्याज म्हणजे दंड नव्हे. दुसऱ्याचा पैसा वापरल्याबद्दल द्यावयाचे ते भाडे होय. हा भेद ध्यानात ठेवला तर पुष्कळसा गोंधळ टळतो. दंड हा दोषाचा असतो आणि त्यासाठी दोष सिद्ध व्हावा लागतो. भाडे वापराचे असते आणि दोष नसला तरी ते द्यावे लागते. परंतु यातूनच आणखी एक गोष्ट निघते. वापर झालाच नसेल तर भाडेही नाही, आणि वापर सारखाच असेल तर दोन्ही बाजूंचे भाडेही सारखेच असावयास हवे.

प्रत्यक्षात तसे नाही. जळगाव व धुळे या दोन्ही शहरांच्या नगरपालिकांचे रूपांतर २००३ मध्ये महानगरपालिकांत झाले. अशा शहरांत मालमत्ता कराच्या थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती आकारण्याची तरतूद आहे. आपल्याकडे दामदुपटीचा नियम पिढ्यानपिढ्या सावकारालाही माहीत आहे: एकावेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलापेक्षा अधिक असू नये. कराच्या वसुलीला हा नियम लागू नाही, तरी मोजपट्टी म्हणून तो बरा आहे. दरमहा दोन टक्क्यांनी शास्ती ५० महिन्यांत, म्हणजे चार वर्षे दोन महिन्यांत, मुद्दलाइतकी होते. वस्तू व सेवा कराच्या थकबाकीवर वार्षिक १८ टक्के व्याज आहे. ते साडेपाच वर्षांनंतर मुद्दलाला गाठते. आणि आयकर खाते करदात्याच्या जादा भरण्यावर जे व्याज देते, ते दरमहा अर्धा टक्का. त्याला दामदुपटीपर्यंत पोहोचण्यास १६ वर्षे ८ महिने लागतील!

धुळे जिल्ह्यातील जिल्हा परिषदेच्या एखाद्या शिक्षकाचे काल्पनिक उदाहरण घेऊ. त्याचा वर्षाचा आयकर ४०,००० रुपये होता, परंतु गुंतवणुकीचे कागद वेळेवर न पोहोचल्यामुळे पगारातून ५२,००० रुपये कापले गेले. त्याने विवरणपत्र मुदतीत भरले आणि १२,००० रुपयांचा परतावा नोव्हेंबर महिन्यात मिळाला. आयकर अधिनियम १९६१ च्या कलम २४४अ प्रमाणे एप्रिलपासूनच्या आठ महिन्यांचे व्याज अर्धा टक्का दराने ४८० रुपये झाले. आता याच शाळेजवळच्या दुकानदाराने अग्रिम कर १२,००० रुपयांनी कमी भरला आणि तो तितक्याच उशिरा चुकता केला असे समजू. त्याला कलम २३४ब प्रमाणे एक टक्का दराने ९६० रुपये व्याज पडेल. हप्ते चुकल्याचे व्याज त्याखेरीज. रक्कम तीच, कालावधी तोच, पण भाडे दुप्पट. शिवाय शिक्षकाला मिळालेले ४८० रुपये हे त्याचे करपात्र उत्पन्न ठरते, तर दुकानदाराने दिलेले ९६० रुपये खर्च म्हणून वजा करता येत नाहीत. परताव्याची रक्कम निर्धारित कराच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी असेल तर व्याज मुळीच मिळत नाही, हेही शिक्षकांनी ध्यानात ठेवावे.

१९६१ च्या अधिनियमाची जागा घेण्यासाठी आयकर अधिनियम २०२५ संमत झाला असून त्याच्या अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६ ही आहे. कलमांचे क्रमांक त्यात बदलले, तरी व्याजाची ही चौकट मुख्यतः पूर्वीचीच ठेवण्यात आली आहे.

या दुप्पट दराचे समर्थन करता येत नाही असे नाही. करदात्याला शासनाकडून स्वस्तात कर्ज मिळू लागले तर वेळेवर कर कोण भरील? थकबाकीदाराचा दर बाजारातील कर्जापेक्षा चढा ठेवणे, ही वसुलीची गरज आहे. इंग्लंडमध्येही हा भेद असून एप्रिल २०२५ पासून तो वाढविण्यात आला: थकलेल्या करावर बँक ऑफ इंग्लंडच्या आधारदराहून ४ टक्के अधिक, तर जादा भरण्यावर त्या दराहून १ टक्का कमी. अमेरिकेत मात्र वैयक्तिक करदात्यांसाठी दोन्ही दर १९९८ च्या कायद्याने सारखे करण्यात आले. तेव्हा वसुलीसाठी भेद अपरिहार्यच आहे, असेही म्हणता येत नाही.

शासनाने पैसा दीर्घकाळ अडवून ठेवला तर काय घडते, याचे ठळक उदाहरण पुण्याच्या सँडविक एशिया कंपनीचे आहे. १९७७-७८ पासूनच्या काही आकारणी वर्षांचा जादा कर कंपनीला परत मिळाला, परंतु त्यावर देय असलेले व्याज बारा ते सतरा वर्षे रखडले. व्याज उशिरा दिले म्हणून त्यावर भरपाई मिळणार काय, या प्रश्नावर मुंबई उच्च न्यायालयाने नकार दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये तो निर्णय फिरविला आणि वार्षिक ९ टक्के दराने भरपाई देण्याचा आदेश दिला. पुढे २०१३ मध्ये गुजरात फ्लोरो केमिकल्सच्या प्रकरणात न्यायालयाने खुलासा केला, की व्याजावर व्याज हा सर्वसाधारण नियम नव्हे. सँडविकची भरपाई त्या असाधारण विलंबापुरती होती. तथापि, हक्क नसताना हाती आलेला आणि वापरलेला पैसा शासनाने एखाद्या व्यक्तीप्रमाणेच व्याजासह परत केला पाहिजे, ही भूमिका २०१४ मध्ये टाटा केमिकल्सच्या निवाड्यात पुन्हा स्पष्ट झाली.

चूक शासनाची, व्याज करदात्यावर

आता उलट बाजू पाहू. आयकराचे विवरणपत्र दाखल झाल्यावर त्याची प्राथमिक छाननी होते व त्यानुसार परतावा मिळतो. ही छाननी आज बंगळूर येथील केंद्रात यंत्राद्वारे होते. पुढे रीतसर करनिर्धारण झाले आणि तेवढा परतावा देय नव्हता असे ठरले, तर जादा रक्कम परत घेतली जाते. १ जून २००३ पासून अंमलात आलेल्या कलम २३४ड प्रमाणे या जादा रकमेवर, परतावा दिल्याच्या दिवसापासून करनिर्धारणाच्या दिवसापर्यंत, दरमहा अर्धा टक्का व्याज द्यावे लागते. परताव्याबरोबर शासनाने व्याज दिले असेल तर जादा रकमेपुरते तेही परत जाते.

दराच्या दृष्टीने येथे तक्रारीस जागा नाही. शासन देते तोच अर्धा टक्का शासन घेते. चूकभूल द्यावी घ्यावी हे सूत्र येथे अक्षरशः पाळले गेले आहे. प्रश्न निराळाच आहे. परतावा जादा का गेला, याचा विचार हे कलम करीत नाही. करदात्याने खोटी वजावट दाखवून परतावा उकळला असो, किंवा त्याने सर्व माहिती खरी दिली असूनही छाननीत दोष राहिला असो, व्याज दोघांनाही सारखेच.

याच्या बाजूने म्हणण्यासारखे पुष्कळ आहे. व्याज हे भाडे आहे असे आपण आरंभी मान्य केले. मग पैसा वापरला गेला की भाडे आले, चूक कोणाची हे पाहण्याचे कारण काय? शिवाय शासनाचा पैसा म्हणजे इतर करदात्यांचा पैसा. चंडीप्रसाद उनियाल यांच्या २०१२ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असाच विचार मांडला होता. जादा दिला गेलेला सार्वजनिक पैसा देणाऱ्या अधिकाऱ्याच्या मालकीचा नसतो आणि घेणाऱ्याच्याही नसतो.

तरीही प्रस्तुत लेखकास हा युक्तिवाद पुरता पटत नाही. भाडे हे करारातून येते, निदान जाणिवेतून तरी येते. ज्याने कर्ज मागितले त्याला आपण पैसा वापरीत आहोत हे ठाऊक असते, आणि व्याज जड झाले तर तो उद्या फेडू शकतो. न मागता खात्यात आलेला परतावा हा आपला नव्हेच, हे प्रामाणिक करदात्याला ठाऊक नसते. त्यामुळे व्याज थांबविण्याचा मार्ग त्याला उपलब्ध नसतो. तो ती रक्कम बचत खात्यात ठेवतो, मुलीच्या शिक्षणाला लावतो, केळीच्या बागेवर खर्च करतो. दोन-तीन वर्षांनी मागणीची नोटीस येते तेव्हा व्याजाचा काटा त्याच्या नकळत फिरून गेलेला असतो. आणि तो काटा किती काळ फिरावा, हे करनिर्धारण केव्हा होते यावर, म्हणजे चूक करणाऱ्या बाजूच्या वेगावर अवलंबून असते. चूक एकाची, विलंबही त्याचाच आणि त्या विलंबाचे भाडे दुसऱ्याकडून घ्यावयाचे, हे ‘द्यावी घ्यावी’च्या मर्यादेत बसत नाही.

अमेरिकेने १९८६ च्या कर सुधारणा कायद्याने यावर एक तोड काढली. चुकून दिलेल्या परताव्यावरील व्याज, परतफेडीची मागणी केली जाईपर्यंतच्या काळापुरते माफ होते. याला अपवाद दोनच: चुकीला करदाता स्वतः कारणीभूत असेल तर, किंवा परतावा ५०,००० डॉलर्सपेक्षा अधिक असेल तर. यामागील तर्क सरळ आहे. मागणी झाली की करदात्याला जाणीव होते. तेथून पुढे पैसा ठेवणे हा त्याचा निर्णय ठरतो आणि त्या निर्णयाचे भाडे त्याने द्यावे. फार मोठी रक्कम आली असेल तर ती चुकीची आहे हे शहाण्या माणसास मागणीवाचूनही कळले पाहिजे, म्हणून दुसरा अपवाद. आपल्या कायद्यातही मागणीनंतरच्या विलंबाची तरतूद आहेच: नोटिशीनंतर ३० दिवसांत रक्कम न भरल्यास कलम २२० प्रमाणे दरमहा एक टक्का व्याज सुरू होते. उणीव आहे ती मागणीपूर्वीच्या काळासाठी प्रामाणिक आणि लबाड असा भेद करण्याची.

हा भेद खानदेशच्या गावांना अपरिचित नाही. पंतप्रधान किसान सन्मान निधीच्या याद्या २०१९ च्या आरंभी गावोगाव तयार झाल्या. वर्षाला ६,००० रुपये, तीन हप्त्यांत. आयकर भरणारे कुटुंब अपात्र असल्याने पुढे अनेकांना तहसील कार्यालयातून परतफेडीच्या नोटिसा गेल्या. हा कर नव्हे, अनुदान आहे. परंतु न्यायाचा प्रश्न तोच. नोकरी दडवून नाव घालणारा आणि सातबारावरील नावामुळे यादीत आपोआप गेलेला, या दोघांना चावडीवर एकाच तराजूने तोलले जात नाही. परत दोघांनीही करावे, यात वाद नाही.

पैसा आला, पण भलत्या खात्यात

आतापर्यंतच्या चर्चेत मतभेदास वाव होता. पुढील प्रकारात मात्र कायद्यानेच करदात्याच्या बाजूने स्वच्छ निर्णय दिला आहे, आणि सरहद्दीवरील या दोन जिल्ह्यांना त्याचे महत्त्व विशेष आहे. रावेर ओलांडले की बऱ्हाणपूर, शिरपूर ओलांडले की सेंधवा. दोन्ही गावे मध्य प्रदेशात. व्यापार मात्र सरहद्द मानीत नाही.

समजा, जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील एका पाइप उत्पादकाने दोन लाख रुपयांचा माल बऱ्हाणपूरला पाठविला. व्यवहार आंतरराज्य असल्याने त्यावर १८ टक्के दराने ३६,००० रुपये एकात्मिक कर भरावयास हवा होता. परंतु बिल करणाऱ्याने तो राज्यांतर्गत समजून केंद्रीय कर १८,००० आणि राज्य कर १८,००० असा भरणा केला. दोन वर्षांनी लेखापरीक्षणात चूक निघाली. शासनाच्या तिजोरीत पैशाची कमतरता एक दिवसही नव्हती. तो केवळ निराळ्या कप्प्यात होता. पण कागदोपत्री एकात्मिक कर दोन वर्षे थकला होता. वार्षिक १८ टक्के दराने त्याचे व्याज १२,९६० रुपये होते. ते घ्यावयाचे काय?

एकात्मिक वस्तू व सेवा कर अधिनियमाचे कलम १९ आणि केंद्रीय अधिनियमाचे कलम ७७ यांनी याचे उत्तर नकारार्थी दिले आहे. योग्य शीर्षाखालील कर भरावा लागतो, चुकीच्या शीर्षाखालील कर परत मिळतो, आणि योग्य कर उशिरा भरला म्हणून व्याज पडत नाही. परताव्याच्या मुदतीविषयी संदिग्धता होती, ती सप्टेंबर २०२१ मध्ये दूर झाली: योग्य कर भरल्याच्या दिवसापासून दोन वर्षांत अर्ज करता येतो. मात्र उत्पादकाला मधल्या काळात ३६,००० रुपये दोनदा उभे करावे लागतात, ही अडचण आहेच. परतावा अर्जानंतर ६० दिवसांत न मिळाल्यास त्याला वार्षिक ६ टक्के दराने व्याज मिळते.

वापर नाही तर भाडे नाही, हे तत्त्व या कायद्यात पुढे आणखी रुजलेले दिसते. विवरणपत्र उशिरा भरल्यास व्याज संपूर्ण करावर घ्यावे की रोखीने द्यावयाच्या भागावर, हा वाद २०२१ च्या दुरुस्तीने मिटला. नेहमीच्या विलंबात ते रोख भागावरच घ्यावयाचे असे ठरले, आणि तेही १ जुलै २०१७ पासून. चुकीने घेतलेले इनपुट टॅक्स क्रेडिट खात्यात नुसते पडून असेल, वापरले गेले नसेल, तर त्यावर व्याज नाही, असे २०२२ मध्ये पूर्वलक्षी प्रभावाने ठरले. मुदतीत रोख खातेवहीत जमा झालेली रक्कम विवरणपत्र उशिरा गेले तरी व्याजाच्या हिशेबातून वगळावी, अशी दुरुस्ती नियम ८८ब मध्ये २०२४ साली झाली. करदात्यांना यासाठी कित्येक वर्षे अर्जविनंत्या कराव्या लागल्या, हे खरे. पण दिशा योग्य आहे.

ग्रामपंचायतीच्या दप्तरात याच प्रकारची लहान चूक वरचेवर घडते. घरपट्टीसाठी दिलेली रक्कम पाणीपट्टीत जमा होते. वडील वारल्यावर दोन भाऊ एकाच घराची पट्टी निरनिराळी भरतात. मोबाइलवरून भरणा करताना एकच बिल दोनदा जाते. नमुना ९ मधील मागणी तशीच उभी राहते आणि वर्ष संपल्यावर त्यावर दंड चढतो, जरी त्या ग्रामस्थाचे पैसे नमुना १० च्या पावतीने पंचायतीच्याच खात्यात पडलेले असतात. रक्कम शे-दोनशेची असेल; परंतु जळगावच्या उत्पादकाला कायद्याने जो न्याय दिला, तोच येथे ग्रामस्थाच्या वाट्यास यावयास हवा. पैसा ज्या दिवशी पंचायतीकडे आला तो दिवस भरण्याचा मानावा आणि खाते नंतर दुरुस्त करावे.

शिक्षकांच्या पगारातील वसुली

शेवटचा मुद्दा कराचा नाही, पण शिक्षक वाचकांच्या जिव्हाळ्याचा असल्याने वगळता येत नाही. वेतननिश्चिती चुकते, वेतनवाढ एक जादा लागते आणि सेवापुस्तकाची पडताळणी निवृत्तीच्या तोंडावर होते तेव्हा लाखांची वसुली निघते. पंजाब राज्य विरुद्ध रफीक मसीह या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०१४ रोजी, कोणत्या परिस्थितीत अशी वसुली करू नये हे सांगितले. वर्ग तीन व चारचे कर्मचारी, निवृत्त झालेले अथवा वर्षभरात निवृत्त होणारे, आणि पाच वर्षांहून अधिक काळ जादा रक्कम मिळत असलेले कर्मचारी त्यात येतात. वरच्या पदाचे काम करावयास लावून त्या पदाचे वेतन दिले असेल, किंवा वसुली अतिशय जाचक ठरणार असेल, तरीही ती होऊ नये. केरळातील थॉमस डॅनियल हे शिक्षक १९९९ मध्ये निवृत्त झाले. त्यांच्याविरुद्धची वसुली न्यायालयाने २०२२ मध्ये रद्द केली. चूक वेतनवाढीचे नियम लावणाऱ्यांची होती. शिक्षकाने काही दडविले नव्हते. उलट २०१६ च्या जगदेव सिंग प्रकरणात, जादा रक्कम परत करण्याचे हमीपत्र आधीच दिलेल्या न्यायिक अधिकाऱ्याकडून वसुलीस न्यायालयाने मान्यता दिली. वेतननिश्चितीच्या वेळी आपल्याकडेही असे हमीपत्र घेतले जाते. त्यावर सही करताना पुष्कळजण ते वाचीत नाहीत!

या निवाड्यांत प्रश्न व्याजाचा नव्हता, मुद्दलाचाच होता. म्हणजे पगाराच्या बाबतीत प्रामाणिक माणसाला काही परिस्थितीत मुद्दलाचीही सूट मिळू शकते. परताव्याच्या बाबतीत मुद्दल परत करण्यास प्रामाणिक करदाता तयारच असतो. त्याचे म्हणणे केवळ नोटिशीपूर्वीच्या व्याजापुरते आहे.

कायद्यात तसा बदल होईल तेव्हा होईल. तोपर्यंत अपेक्षेपेक्षा अधिक परतावा जमा झाल्यास आयकर खात्याकडून आलेले छाननीपत्र विवरणपत्राशी ओळ अन् ओळ ताडून पाहावे आणि फरक दिसल्यास चूक दुरुस्तीचा अर्ज लगेच करावा. १९६१ च्या अधिनियमाखालील आदेशाबाबत ही दुरुस्ती, ज्या आर्थिक वर्षात आदेश झाला ते वर्ष संपल्यापासून चार वर्षांच्या आत होऊ शकते. अर्जाची पोच आणि छाननीपत्राची प्रत एकाच धारिकेत ठेवावी. चुकीच्या शीर्षाखाली वस्तू व सेवा कर भरणाऱ्या व्यापाऱ्याने योग्य कर भरल्याच्या चलनाची तारीख त्याच धारिकेच्या मुखपृष्ठावर लिहून ठेवावी. दोन वर्षांची मुदत त्या तारखेपासून मोजली जाते.